कासेच्या आधी गव्हाण

सूनबाई, सकाळी धारेला बसण्याआधी गव्हाणीत हात घालत जा. कासेला हात नंतर. रात्री टाकलेल्या वैरणीतलं काय उरलंय ते बघ. नुसती जाड धाटं उरलीत, की पानंही तशीच पडलीत, की गव्हाण चाटूनपुसून लख्ख आहे? या चघाळात जे आज दिसतं, ते दुधाच्या मापात दोन-तीन दिवसांनी दिसतं आणि डेअरीच्या फॅटच्या पावतीवर त्याहून उशिरा. धाटं उरली तर चारा बरा आहे, कापणी चुकली. पानंही उरली तर चाऱ्याला वास लागलाय, नाहीतर म्हशीच्या अंगात काहीतरी आहे. कानाला हात लावून बघ, दुपारपर्यंत वाट बघू नकोस. आणि लख्ख असली तर खूश होऊ नकोस. म्हणजे ती रात्री अजून खायला तयार होती आणि आपल्या हाताने कमी पडलं. दुभत्या म्हशीच्या गव्हाणीत टाकलेल्याचा दहावा हिस्सा सकाळी उरायलाच हवा. चारा हलका असेल, बाजरीचं सरमाड वगैरे, तर त्याहून जास्त उरू दे, म्हणजे तिला पाला निवडून खाता येतो. उरलेलं भाकड जनावरांपुढे जातं, त्यांनीही नाकारलेलं उकिरड्यावर. वाया काही जात नाही.

माझं माहेर घोटीकडचं, भाताचं. लग्न होऊन आले ती सिन्नरला, बाजरीच्या मुलखात. आणि पुढे आपण निफाडच्या पाटाखालच्या जमिनीवर आलो, तिथे ऊस, मका आणि द्राक्षं. एकाच नाशिक जिल्ह्यात तिकडे इगतपुरीला पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात आणि इकडे सिन्नरला ५००-६०० चीही खात्री नाही. चारा तसाच वेगवेगळा. तीन तऱ्हांची वैरण हाताखालून गेली म्हणून ठामपणे सांगते, एकच करणी सगळ्या चाऱ्याला लागू पडत नाही. घरोघरी कुट्टी मशीन आलं, आणि जे हाताला लागेल ते त्यात घालायची सवय लागली. कुट्टी चांगलीच आहे. पण कुठला चारा कुठे अडतो ते कळल्याशिवाय केलेली कुट्टी म्हणजे नुसतं वीजबिल.

आधी हिशेब कर. म्हशीचं वजन काढायला काटा लागत नाही, शिवणाची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोज. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोज. घेराला घेराने गुण, त्याला लांबीने गुण आणि ६६० ने भाग. घेर ७८ आणि लांबी ५६ भरली तर म्हैस ५१६ किलोची. अशा दुभत्या म्हशीने वजनाच्या अडीच ते तीन टक्के चारा खायला हवा, पण पाण्याशिवाय मोजलेला. डॉक्टर त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. ५१६ किलोच्या म्हशीला तो साधारण १३ ते १५ किलो लागतो.

आता हे १५ किलो कुठून येतात बघ. हिरवा चारा २५ किलो टाकलास तर त्यात २० किलो पाणीच असतं, हाती लागतात पाच. वाळली वैरण साडेपाच किलो खाल्ली तर तिचे पाच. आणि आठ लिटर दूध देणारीला अंगासाठी दीड किलो आणि दर दोन लिटरमागे एक किलो असा मिळून साडेपाच किलो खुराक, त्याचेही पाच. झाले १५. यातला हिरवा आणि खुराक ती खातेच, तिला आवडतं ते. अडतं ते वाळल्या वैरणीत. साडेपाच किलोच्या जागी तीन किलोच खाल्ली की आपण घाबरून खुराक वाढवतो, पैसे जातात, आणि जादा पेंडीने ती वैरण आणखी कमी खाते. हे चक्र मी कितीतरी गोठ्यांत बघितलंय.

ती वैरण कमी का खाते, हे एकदा नीट समजून घे म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. म्हशीच्या मोठ्या पोटात चारा गेला की तो बारीक होईपर्यंत पुढे सरकत नाही. रवंथाने आणि पोटातल्या जंतूंनी मिळून त्याचे इतके लहान तुकडे व्हावे लागतात की ते पुढच्या कप्प्यात जातील. वाळली काडी याला दोन-तीन दिवस घेते. तेवढा वेळ ती जागा अडवून बसते. मोरी तुंबल्यावर वरून पाणी ओतून काय उपयोग, तसंच हे. म्हणून काडीकडे बघताना दोन गोष्टी विचारायच्या. हिला तोडायला दातांना कष्ट पडतात का? आणि हिच्यावर काम करणाऱ्या जंतूंना खायला काही आहे का? वाळल्या काडीत प्रथिनं असतात तीन-चार टक्के, आणि जंतूंना नीट काम करायला सगळ्या चाऱ्यात मिळून सात टक्के तरी लागतात. पहिल्याला उपाय कापणं. दुसऱ्याला कापून काही होत नाही, तिथे हिरवा घास, थोडी पेंड किंवा युरिया. कुठल्या वैरणीचं दुखणं पहिलं आणि कुठल्या वैरणीचं दुसरं, ही खरी माहिती.

ज्वारीचा कडबा सगळ्यात सोपा. त्यातही मालदांडीचा रब्बीचा कडबा म्हैस आवडीने खाते, धाट गोड आणि पानं हिरवट राहतात. तो अख्खा टाकलास तर ती पानं ओरबाडते, पेंढी ओढून पायाखाली घेते, आणि तिसरा हिस्सा शेणात जातो. इंच ते दोन इंच कुट्टी केली की धाटंही पोटात जातात. बस, कडब्याला एवढंच लागतं. त्याहून बारीक करू नकोस, का ते पुढे सांगते. संकरित ज्वारीचा खरिपाचा कडबा जाड आणि पावसात काळवंडलेला असतो. त्यावर मिठाचं पाणी शिंपडून तासभर ठेवलं तर खाते.

हिरव्या ज्वारीचं मात्र ध्यानात ठेव. कोवळं कडवळ, त्यातही पावसाने ताण दिलेलं किंवा कापणीनंतर फुटलेले खोडव्याचे कोंब, म्हशीला देऊ नकोस. किराळ, म्हणजे विषबाधा, लागते, आणि किराळ लागलेलं जनावर डॉक्टर येईपर्यंत थांबत नाही. फुलोऱ्यात आल्यावरच कापायचं.

बाजरीच्या सरमाडाला कोणी चांगलं म्हणत नाही, पण सिन्नर-येवल्याने दुष्काळ याच्यावरच काढलेत. १९७२ साली हेसुद्धा डोळ्याला दिसत नव्हतं. सरमाडाचं धाट टणक, पान खरखरीत, आणि कापून बरेच दिवस झाले की नुसतं लाकूड. याची दोन्ही दुखणी आहेत. म्हणून कुट्टी हवीच, आणि ती कोरडी टाकायची नाही. रात्रीसाठी दुपारीच पाणी शिंपडून ठेवायची, मऊ होते, धूळ बसते. त्यात लसूणघास कापून मिसळायचा, वर पसरायचा नाही. वर पसरला तर ती घास खाऊन उरलेल्याकडे पाठ फिरवते. मिसळून दिला की घासातली प्रथिनं आणि सरमाडाची काडी एकाच वेळी पोटात जातात, आणि मग जंतूंना दोन्ही मिळतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आरएल-८८ नावाचा घास दिलाय, एकदा लावला की तीन-चार वर्षं कापत राहायचा. दोन गुंठे का होईना, असू दे.

सोयाबीनचं भुसकट आणि गव्हाचा भुसा मशीनमध्ये घालणारे महाभाग मी बघितलेत. अगं, मळणी यंत्राने ते आधीच बारीक केलेलं असतं. त्याला कापायचं काय? त्याला चाळायचं. सोयाबीन पावसात काढलं तर भुसकटात माती असते, आणि मातकट भुसकट म्हैस नाकाने उडवते. चाळून, पाणी शिंपडून, दुसऱ्या वैरणीत मिसळून द्यायचं. एकट्या भुसकटावर म्हैस ठेवू नये. खाते पटापट, पण रवंथ होत नाही. हरभऱ्याचं भुसकट याहून चवदार, आणि भुईमुगाचा पाला मिळाला तर तो दुभत्या म्हशीसाठी राखून ठेव, भाकडीपुढे टाकू नकोस.

आता भाताचा पेंढा. याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माहेरचा विषय आणि कारण इकडे निफाडकडे पेंढ्याला सगळे नाक मुरडतात. स्वस्त मिळतो म्हणून घोटी-इगतपुरीहून गाडी भरून आणतात, कुट्टी करतात, म्हैस खात नाही, आणि मग पेंढ्याला शिव्या. पेंढ्याचं दुखणं कापून जाणारं नाही. तो दातांना मऊच असतो. त्यात वाळूसारखी सिलिका भरलेली असते आणि प्रथिनं जवळजवळ नसतात. आणि एक उलटी गोष्ट सांगते. ज्वारी-बाजरीचं पान चांगलं आणि धाट वाईट, भाताच्या पेंढ्यात काडी पचते आणि पानात सिलिका जास्त. म्हणून पेंढ्यात पानं निवडून खायची मुभा देण्यात अर्थ नाही, अख्खा पेंढा दोन-तीन तुकड्यांत कापला तरी पुरे.

पेंढ्याला युरियाची प्रक्रिया करायची. १०० किलो वाळला पेंढा, चार किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा, एकही खडा राहता कामा नये. जमिनीवर प्लास्टिक अंथरून पेंढ्याचा थर, त्यावर झारीने पाणी, पायाने तुडवायचं, पुन्हा थर. कडेकोट झाकून २१ दिवस. आपल्याकडे निफाडला थंडीत पारा किती खाली येतो ते तू बघतेसच, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत चार आठवडे ठेव. उघडलं की डोळ्यांत पाणी येईल असा वास येतो, तो यायलाच हवा. लागेल तेवढा पेंढा काढून तासभर हवेला पसरायचा, वास उडाला की द्यायचा. पहिल्या आठवड्यात थोडा थोडा, साध्या वैरणीत मिसळून. हळूहळू म्हैस तोच मागते. काडी मऊ आणि पिवळीधमक होते, प्रथिनं दुपटीच्या आसपास जातात, आणि तीच म्हैस आधीपेक्षा बराच जास्त पेंढा खाते. हे मी माहेरी माझ्या भावाच्या गोठ्यात बघितलंय. सहा महिन्यांच्या आतल्या पारड्यांना मात्र हा पेंढा द्यायचा नाही.

आणि हात जोडून सांगते, युरिया वैरणीवर भुरभुरवायचा नाही, पाण्याच्या बादलीत टाकायचा नाही, आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात, कालवायचा नाही. मिसळायला केलेलं पाणी उघडं ठेवून आत जायचं नाही. तहानलेल्या म्हशीने ते तोंड लावून प्यायलं तर तासाभरात खेळ संपतो. ही प्रक्रिया दोघांनी मिळून करायची, एकाचं लक्ष जनावरांवर.

बुरशी आलेला पेंढा तर विकतही घेऊ नकोस आणि फुकटही नको. इगतपुरीकडे उशिराच्या पावसात भिजलेला पेंढा गंजीत आतून काळा-पांढरा पडतो. असा पेंढा खाल्लेल्या म्हशीच्या शेपटीचं टोक, कानाच्या पाळ्या, खुरांवरची कातडी काळी पडून सडायला लागते. या रोगाला देगनाला म्हणतात. पूर्वीच्या पंजाबात देग नाला नावाच्या ओढ्याकाठी तो पहिल्यांदा लक्षात आला, तो भाग आता पाकिस्तानात आहे. गाईपेक्षा म्हशीला हा जास्त होतो. पेंढ्याच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून मधला पेंढा ओढून काढ आणि नाकाला लाव. वरचा पेंढा सगळ्यांचाच सोनेरी असतो.

ऊसतोड सुरू झाली की वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, सुकाळ. म्हैस वाढं चवीने खाते, इथे खाण्याचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे तो जास्त खाण्याचा. वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं चुन्याचं बळ, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने फक्त वाढ्यावर ठेवलेल्या म्हशी माजावर वेळेवर येत नाहीत, आणि व्याल्यावर अंग गार पडून बसतात. म्हणून चाऱ्यातला निम्मा भागच वाढ्याचा ठेव, कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपड, आणि ५०-६० ग्रॅम खनिज मिश्रण रोज आंबोणात. साखर कारखान्याच्या रस्त्याला वाढं फुकट पडलेलं असतं म्हणून ट्रॉली भरून आणायची आणि घरचा कडबा वाचवायचा, हा हिशेब उन्हाळ्यात उलटतो.

मक्याच्या मुरघासाबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात, गंगापूर धरणाच्या वाटेवर, शिकून आलीस ते बरं केलंस. तरी दोन शब्द. मका दुधावरून चिकाकडे जाताना कापायचा. दाणा नखाने टोकरला की पातळ दूध न येता पिठूळ चिकट यायला हवं. तुकडे पाऊण इंचाचे. कापलेला मका मुठीत आवळून सोड. पाणी गळलं तर एक दिवस सुकू दे, गोळा हळूहळू उमलला तर योग्य, लगेच सुटला तर उशीर झालाय. बॅगेत भरताना हवा काढण्यात कंजूषपणा नको. ४५ दिवसांनी उघडल्यावर आंबटगोड वास हवा. कुजका, उग्र वास आला किंवा बुरशीचा गोळा दिसला तर तेवढा भाग फेकून द्यायचा, चांगल्यात मिसळून खपवायचा नाही.

मुरघासाची खरी किंमत त्याच्या पाण्याच्या हिशेबात आहे. १५ किलो मुरघासात पाच किलो शुष्क पदार्थ असतो, म्हणजे २५ किलो कोवळ्या हिरव्या चाऱ्याइतका. पावसाळ्यात लोक ओला लुसलुशीत चारा ढिगाने टाकतात आणि म्हणतात, पोट तर टम्म दिसतंय, दूध का घटलं? पोटात पाणी गेलंय. हिरवं गवत पहाटे दवात कापून तसंच टाकू नकोस. सकाळी कापून दुपारपर्यंत सुकव, मग कुट्टी कर. घास तर ओला कधीच नको, पोटफुगी ठरलेली. आणि मुरघास धार झाल्यावर द्यायचा, आधी दिला तर त्याचा वास दुधाला लागतो.

हत्ती गवताच्या जाती, फुले जयवंत वगैरे, लोक डोक्यावरून उंच जाईपर्यंत ठेवतात, जास्त वजन मिळतं म्हणून. वजन मिळतं, पण ठोंब बांबूसारखे होतात. दीड-दोन महिन्यांत कापून घे.

मध्येच एक आपल्या भागाची गोष्ट. द्राक्षबागेतलं गवत आणि छाटणीचा पाला म्हशीपुढे टाकू नकोस, त्यावर फवारलेलं काय काय असतं. आणि लासलगावला कांद्याचा भाव पडला की सडका, मोड आलेला कांदा जनावरांपुढे ढकलायची रीत आहे. थोडा खाल्ला तर पचवते, ढिगाने खाल्ला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते. भाव पडल्याचा राग म्हशीवर कशाला काढायचा?

आता बारीक करण्याचं. कुट्टी जितकी बारीक तितकी म्हैस जास्त खाते, हे खरं आहे, आणि म्हणूनच फसायला होतं. पिठासारखी केलेली वैरण पोटातून न थांबता पुढे निघून जाते. गव्हाण रिकामी होते, आपल्याला वाटतं वा, पण पचलेलं कमी असतं आणि रवंथ तर होतच नाही. रवंथ नाही म्हणजे लाळ नाही, लाळ नाही म्हणजे पोटात आंबटपणा वाढतो. शिवाय काडीतला जो धागा पोटात कुजतो, त्यातून बनलेल्या आम्लातून दुधातली बरीचशी फॅट तयार होते. म्हशीच्या दुधाचा भाव ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून निघतो, फॅटचा पॉइंट उतरला की पैसे उतरले. तेव्हा मशीनचं पातं बदललं की पहिली मूठभर कुट्टी हातावर घेऊन बघ. इंचाच्या वरचे तुकडे निम्म्याहून जास्त हवेत.

रवंथ कसा मोजायचा? दुपारी म्हशी बसलेल्या असताना गोठ्यात जा. बसलेल्यांपैकी निम्म्या तरी रवंथ करत असायला हव्यात. एकीकडे बघत राहा, एक घास वर आल्यापासून गिळेपर्यंत ती ५०-६० वेळा चावते. तीस-चाळिसावर गिळायला लागली तर काडी फार बारीक आहे किंवा खुराक फार आहे. शेणही बघ. पातळ पसरट आणि त्यात अख्खे दाणे, म्हणजे चारा धावतोय. घट्ट गोळ्याचं आणि त्यात बोटभर काड्या, म्हणजे जंतू उपाशी आहेत, पेंड किंवा घास कमी पडतोय.

मशीनच्या तोंडाशी एक मोठं लोहचुंबक बांधून घे. जुन्या स्पीकरचंही चालतं. पेंढीला बांधलेली तार, बागेतले तारेचे तुकडे, खिळे, सगळं कुट्टीत बारीक होऊन जातं. म्हैस तोंडात निवडत बसत नाही, गिळून मोकळी होते. तार पोटातून काळजाकडे सरकते. मग ती म्हैस उतारावर जायला कुथते, कोपरं बाहेर काढून उभी राहते, खाणं सोडते, आणि आपण चाऱ्याला दोष देत बसतो. चांगली वैरण असून एकच म्हैस खात नसेल तर हे आधी आठव.

वेळेचं सांगते. म्हशीची काळी कातडी आणि घाम कमी, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ती खात नाही. चारा आणि पचन दोन्ही अंगात उष्णता तयार करतात, ती ते टाळते. तेव्हा त्या दिवसांत वैरणीचा मोठा वाटा पहाटे चारला आणि रात्री नऊनंतर टाकायचा, दुपारी फक्त पाणी, सावली, आणि अंगावर पाण्याचा मारा. पाणी कमी प्यायली की वैरण कमी खाणारच. टाकी चोवीस तास भरलेली हवी, शेवाळलेली नको. आणि पहाटे उठून पहिल्यांदा आंबोण पुढे करू नकोस. आधी दोन-तीन किलो वाळली वैरण, तिच्यावर ती तोंड हलवू लागली की मग आंबोण आणि धार. रिकाम्या पोटी पेंड पडली तर तीच आंबते, आणि नंतरची वैरण तशीच राहते. म्हैस पान्हवायला आंबोण लागतं ते खरंय, पण अर्धा तास आधी वैरण टाकायला कोणी अडवलंय?

आता हरियाणाहून येणारी मुऱ्हा म्हैस. तिकडे ती गव्हाच्या तुडीवर आणि बरसीमवर वाढलेली असते. इथे आल्या आल्या कडब्याची कुट्टी हुंगून बाजूला होते, आणि व्यापाऱ्याने फसवलं म्हणून घरात भांडणं लागतात. फसवलेलं नसतं, तिच्या पोटातल्या जंतूंना कडबा माहीत नसतो. पहिले चार दिवस गव्हाचा भुसाच दे, ओला करून, घास मिसळून. मग रोज मूठ-मूठ कडबा वाढव. पंधरा दिवसांत ती वळते. मुरघासही तसाच, पहिल्या दिवशी दोन किलो, आठ-दहा दिवसांत पूर्ण माप.

नाशिक शहरातले गवळी, पाडव्याला रेडे सजवून मिरवणारे, त्यांच्याकडे जमीन नाही, एकूण एक काडी विकत. म्हणून वजनाचा हिशेब त्यांच्यासारखा कोणाला येत नाही. त्यांच्याकडून मी एक घेतलं, तेही तुला देते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बी ज्वारी निघते तेव्हा कडबा घ्यायचा, मे महिन्यात नाही. आणि कडबा शेकड्याच्या भावाने विकतात, पण कुणाची पेंढी कवळाभर असते, कुणाची मनगटाएवढी. दहा पेंढ्या गाडीच्या मधून ओढून काढ, घरच्या काट्यावर ठेव, किलोचा भाव काढ. मग त्यातली एक पेंढी सोडून पानं किती आणि धाटं किती ते बघ, पानं गळालेली असतील तर शेकड्यामागे भाव पाडून माग. विकणारा कुरकुर करेल. गाडी परत न्यायचं भाडं त्यालाही परवडत नसतं.